आठ मीटर पाणी

मंडळी, आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. जहाजाचा. तेही अशा जहाजाचा, जे सव्वाशे वर्षांपूर्वी फिलिपिन्सच्या किनाऱ्याजवळ जळून बुडालं. माझी धाकटी जाऊ म्हणेल, "ताई, आता हे काय नवीन?" म्हणू दे. चाळीस वर्षांत पोरांना इतक्या लढाया घोकायला लावल्या, त्यातल्या एकीबद्दल तरी मला स्वतःचं मत असायला हवं ना!

सुरुवात झाली ती फिलाडेल्फियात. काही वर्षांपूर्वी लेकीकडे गेले होते, तेव्हा जावईबापूंनी एका रविवारी 'ऑलिंपिया' दाखवायला नेलं. १८९२ साली पाण्यात उतरवलेली ही अमेरिकन युद्धनौका डेलावेअर नदीच्या काठाला संग्रहालय म्हणून ठेवली आहे. लाकडी डेक, पितळी कड्या, अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या खोलीतलं लखलखीत फर्निचर, सगळं पाहून झालं. शेवटी जिने चढून अगदी वर गेलो, तर तिथे कांस्यात घडवलेली दोन पावलं! १ मे १८९८ च्या पहाटे कमोडोर जॉर्ज ड्यूई नेमका या जागी उभा राहून मनिलाच्या लढाईचे हुकूम देत होता म्हणे. आपल्याकडच्या पादुकाच जणू. सवयीने माझे हात जोडले जाणार होते, एवढ्यात नातीने विचारलं, "आजी, समोर कोण होतं?"

झालं. मी गप्प. समोर स्पेन होतं, एवढं मी सांगू शकले असते. पण पोरीला देशाचं नाव नको होतं, माणसं हवी होती. परत आल्यावर वाचत बसले आणि वाचता वाचता 'कास्तिया' भेटली.

'कास्तिया' ही स्पेनच्या नौदलाची क्रूझर, लाकडी सांगाड्याची आणि चिलखत नसलेली. 'क्रूझर' हा शब्द आता आपण सहलीच्या बोटीलाही वापरतो, पण त्या काळी क्रूझर म्हणजे एकटीदुकटी लांब पल्ल्यावर फिरणारी युद्धनौका. दूरच्या वसाहतींवर नजर ठेवायची, चाचे-तस्कर पकडायचे, बंदरात जाऊन आपला झेंडा दाखवायचा आणि युद्ध पेटलंच तर शत्रूची व्यापारी जहाजं धरायची. वाटेत कोळसा मिळेल याची खात्री नसायची म्हणून वाफेच्या इंजिनाबरोबर डोलकाठ्या आणि शिडंही असत. पोलादी चिलखत म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे जास्त कोळसा आणि जास्त खर्च. तेव्हा चिलखताला फाटा. 'ऑलिंपिया'सारख्या नव्या क्रूझरमध्ये इंजिन आणि दारूगोळ्याच्या वर निदान एक पोलादी डेक आडवा घातलेला असे, उलटा तवा ठेवावा तसा. 'कास्तिया'त तेही नव्हतं. गोळा आणि बॉयलर यांच्यामध्ये फळ्या आणि नशिबाने असलाच तर कोळशाचा ढीग.

आता यातली खरी गंमत (गंमत कसली म्हणा!) ऐका. 'कास्तिया' मुळात चिलखती जहाज म्हणूनच बांधायला घेतली होती. १८६९ साली कादिसजवळच्या गोदीत तिचा तळ घातला, तेव्हा मधल्या तोफांभोवती लोखंडी पत्रे बसवायचे ठरलं होतं. मग आराखडा बदलला आणि चिलखत वगळलं. सांगाडा मात्र लाकडाचाच पुढे चालू राहिला आणि जहाज पाण्यात उतरलं १८८१ मध्ये. बारा वर्षं! तोवर जगातल्या गोद्यांमधून पोलादाची जहाजं बाहेर पडू लागली होती. म्हणजे ही बाई जन्मालाच जुनी होऊन आली. आपल्याकडच्या धरणांच्या आणि पुलांच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना नवल वाटणार नाही.

पण म्हणून ती निकामी होती असं म्हणता येत नाही. ती ज्या कामासाठी होती ते काम तिला जमत होतं. ज्या लोकांकडे उलटून मारायला मोठी तोफच नाही, त्यांच्यासमोर चिलखत लागतं कशाला? १८९६-९७ मध्ये फिलिपिनो क्रांतिकारकांनी काविते प्रांतात उठाव केला, तेव्हा स्पॅनिश नौदलाने समुद्रातून त्यांच्या ठाण्यांवर तोफा डागल्या. त्या ठाण्यांकडून जहाजाच्या लाकडाला फारसा धोका नव्हता. 'चिलखत नसलेली क्रूझर' या तीन शब्दांत वसाहतवादाचं निम्मं अर्थशास्त्र आहे, असं माझं आपलं मत झालं आहे. गरिबांना दटावायला स्वस्तातलं जहाज पुरतं.

याच 'कास्तिया'वर १८९६ च्या ऑगस्टमध्ये एक माणूस जवळजवळ महिनाभर अडकवून ठेवला होता. डॉ. होसे रिसाल. डोळ्यांचे डॉक्टर, कादंबरीकार आणि फिलिपिन्सचे आज राष्ट्रपुरुष. त्याआधी चार वर्षं सरकारने त्यांना दापितानला हद्दपार करून ठेवलं होतं, आणि तिथे त्यांनी काय केलं तर मुलांसाठी शाळा चालवली. (आम्हा शिक्षकांना असे धागे लगेच सापडतात.) क्यूबात लष्करी डॉक्टर म्हणून जायला ते निघाले होते. स्पेनला जाणारं जहाज चुकलं म्हणून गव्हर्नर जनरलने त्यांना 'कास्तिया'वर ठेवलं. वागणूक पाहुण्याची, पण किनाऱ्यावर उतरायला आणि लोकांना भेटायला मनाई. ते जहाजावर असतानाच मनिलाभोवती उठाव पेटला. सप्टेंबरमध्ये त्यांना स्पेनकडे रवाना केलं, मग पकडलं, परत आणलं, आणि ३० डिसेंबर १८९६ ला मनिलात गोळ्या घातल्या. तेव्हा 'कास्तिया'बद्दल माझ्या मनात हळवेपणा वगैरे नाही. ती जुलमी राज्याची पहारेकरीण होती. तरीही तिच्यावरच्या माणसांबद्दल मला बोलायचं आहे, कारण माणसं आणि राज्य यांचा हिशेब नेहमी वेगळा मांडावा लागतो.

१८९८ च्या फेब्रुवारीत हवानाच्या बंदरात 'मेन' हे अमेरिकन जहाज स्फोटाने बुडालं, एप्रिलअखेर स्पेन-अमेरिका युद्ध जाहीर झालं, आणि हाँगकाँगजवळ दबा धरून बसलेला ड्यूई मनिलाकडे निघाला. मनिलाच्या आरमाराचा प्रमुख होता अ‍ॅडमिरल पात्रिसियो मोंतोहो. वय अठ्ठावन्न. त्याच्याकडे जी जहाजं होती त्यांत सर्वांत मोठ्या दोन म्हणजे 'रेइना क्रिस्तिना' आणि 'कास्तिया', दोघी बिनचिलखती. बाकीची लहान. एकीचं काम दुरुस्तीसाठी एवढं उघडं पडलेलं की तिच्या तोफाही जागेवर नव्हत्या. माद्रिदकडे त्याने मागण्या केल्या होत्या. पाणसुरुंग हवेत, सामान हवं, तोफा हव्यात. आलं ते नावापुरतं.

मोंतोहोचा पहिला बेत सुबिकच्या उपसागरात लढायचा होता. तिथलं तोंड अरुंद, बेटावर तोफा बसवल्या की शत्रूला आत येणं कठीण. तो जहाजं घेऊन तिथे गेला. वाटेतच 'कास्तिया'च्या मागच्या बाजूने, पंख्याचा दांडा जिथून बाहेर पडतो तिथून, पाणी आत येऊ लागलं. गळती थांबवायला काय केलं असेल? सिमेंट भरलं! पाणी थांबलं आणि पंखाही कायमचा थांबला. आता ती लढाऊ नौका उरली नाही, पाण्यावर तरंगणारी तोफांची माची झाली. आणि सुबिकला पोचून पाहतात तर बेटावर बसवायच्या तोफा अजून बसवायच्याच होत्या. त्या नुसत्या जमिनीवर पडलेल्या.

तेव्हा मोंतोहोने आपल्या कप्तानांची बैठक घेतली. सुबिकमध्ये पाणी सुमारे चाळीस मीटर खोल. मनिलाच्या उपसागरात कावितेजवळ सुमारे आठ मीटर. आपण हरणार हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलेलं होतं. प्रश्न एवढाच, की हरायचं कुठे. ठरलं ते आठ मीटरमध्ये. जहाज बुडालं तरी तळाला टेकेल, वरचा भाग पाण्याबाहेर राहील, माणसांना पोहून, होड्या घेऊन किनारा गाठता येईल.

मनिला शहराच्या तटासमोर नांगर टाकला असता तर शहरावरच्या पुष्कळ तोफांची मदत मिळाली असती. तसं त्याने केलं नाही. शत्रूचे चुकलेले गोळे मग शहरातल्या घरांवर पडले असते. तो काविते गाठून थांबला. 'कास्तिया'ला ओढत आणून जागेवर उभं केलं, आणि चिलखत नाही म्हणून तिच्या कडेला वाळू भरलेले पडाव लावले. बारा वर्षं खपून जे सरकारला जमलं नाही ते शेवटच्या दोन दिवसांत वाळूने करायचा प्रयत्न.

पुढचं थोडक्यात सांगते. ३० एप्रिलच्या रात्री ड्यूई अंधारात उपसागरात शिरला. सकाळी पावणेसहाच्या सुमारास मारा सुरू झाला. अमेरिकन जहाजं समोरून फेऱ्या घालत मारत राहिली. मोंतोहोने 'रेइना क्रिस्तिना' थेट 'ऑलिंपिया'च्या रोखाने पुढे काढली. ती जाळून निघाली, तिचा कप्तान लुईस कादार्सो माणसं उतरवत असताना मारला गेला. मोंतोहो जखमी झाला आणि दुसऱ्या लहान जहाजावर गेला. मध्येच साडेसातला अमेरिकनांनी मारा थांबवला. दारूगोळा संपत आल्याचा चुकीचा निरोप ड्यूईला मिळाला होता. तो खोटा निघाला, पण थांबलोच आहोत तर खलाशांना न्याहारी देऊन घ्या, असं ठरलं. मग अकरानंतर पुन्हा मारा. दुपारी साडेबारापर्यंत कावितेवर पांढरं निशाण. स्पेनचे मृत आणि जखमी मिळून साडेतीनशेच्या वर. अमेरिकनांचे नऊ जखमी; एक इंजिनिअर गेला तो उपसागरात शिरतानाच, उष्म्याने की हृदयविकाराने.

एक आकडा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकनांनी ५,८०० च्या वर गोळे डागले आणि त्यांतले लागले दीडशेच्या आसपास. शंभरातले अडीच! परीक्षेत एवढे गुण मिळवून कुणी पहिला आलेला मी तरी पाहिला नाही. पण समोरच्याला चिलखत नसेल आणि त्याचं जहाज लाकडाचं असेल, तर अडीचही पुरतात. 'कास्तिया' पेटली, तिच्या तोफा एकेक करून बंद पडल्या, आणि शेवटी माणसांनी शिस्तीत जहाज सोडलं. ती जिथे उभी होती तिथेच तळाला टेकली.

आता माझं म्हणणं.

पराभवानंतर मोंतोहोला माद्रिदला बोलावून घेतलं, कैदेत ठेवलं, त्याच्यावर लष्करी खटला चालवला आणि १८९९ मध्ये नौदलातून काढून टाकलं. ज्यांनी १८६९ ते १८८१ एका जहाजावर घालवली, ज्यांनी सुबिकच्या तोफा वेळेत उभ्या केल्या नाहीत, त्यांच्यापैकी कुणी असं कठड्यात उभं राहिल्याचं माझ्या वाचनात नाही. मोंतोहोच्या बाजूने साक्ष दिली ती कुणी? ड्यूईने! मोंतोहोने त्याला पत्र लिहून विनंती केली, आणि ड्यूईने त्याच्या शौर्याबद्दल आणि सुबिकच्या परिस्थितीबद्दल लेखी उत्तर पाठवलं. ज्याने हरवलं त्याने मोठेपणा दाखवला, ज्यांच्यासाठी हरला त्यांनी नाही.

मोंतोहोवर टीका करणारे म्हणतात, त्याने जहाजं बेटांमध्ये पांगवायला हवी होती, म्हणजे ड्यूईला शोधत फिरावं लागलं असतं. पटण्यासारखं आहे. पण 'कास्तिया' कशी पांगवणार? सिमेंट भरलेल्या पंख्यावर? दुसरे म्हणतात, लढायच्या आधीच जो बुडण्याची जागा निवडतो तो सेनापती कसला! हे मात्र मला अजिबात पटत नाही. याच बाबतीत आपण इतिहासाचे शिक्षक फार चुकलो, असं मला आता या वयात वाटतं. 'शेवटच्या माणसापर्यंत लढले' हे वाक्य आम्ही किती अभिमानाने फळ्यावर लिहिलं! तो शेवटचा माणूस सोळा-सतरा वर्षांचा होता का, त्याला पोहता येत होतं का, त्याच्या घरी कोण होतं, हे कधी विचारलं नाही. मोंतोहो लढला नाही असं नाही. जखमी होईपर्यंत लढला. पण आधी त्याने पाण्याची खोली मोजली.

मी एका खेड्यातल्या शाळेत प्रभारी मुख्याध्यापिका होते तेव्हाची गोष्ट. एका वर्गाचं आढं वाळवीने खाल्लेलं. मी दोन वर्षांत वरच्या कचेरीला पाच पत्रं लिहिली. प्रत्येकाची स्थळप्रत माझ्याकडे होती. जुलैत पावसाने झोड उठवली तशी मी पोरांना उचलून मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात नेलं. तीन इयत्ता एकत्र, एका खांबाला फळा टेकवलेला. आठवड्याने एका रात्री आढं खाली आलं. वर्गात कुणी नव्हतं. कपाट फुटलं, हजेरीपटं आणि जुनं दप्तर भिजून लगदा झाला. मला वाटलं शाबासकी मिळेल. आली ती कारणे दाखवा नोटीस: परवानगीशिवाय इमारत का सोडली, आणि शासकीय दप्तर सुरक्षित ठिकाणी का हलवलं नाही. दप्तराचं मात्र खरं होतं, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी उत्तर लिहिलं, सोबत पाचही स्थळप्रती जोडल्या. पुढे त्याचं काही झालं नाही. एक वेतनवाढ वर्षभर अडकली तेवढीच. पण त्या नोटिशीत पोरांचा उल्लेख एकदाही नव्हता, हे मला अजून आठवतं. असो. मोंतोहोची आणि माझी बरोबरी नाही, तो तोफांच्या तोंडी होता आणि मी आपली पावसाच्या. फक्त त्याच्या खटल्याबद्दल वाचताना ती नोटीस समोर आली.

आणखी एक गोष्ट राहिली. 'कास्तिया' बुडाली म्हणून फिलिपिनो लोक सुटले का? १२ जून १८९८ ला आगिनाल्दोने याच काविते प्रांतात, काविट गावी, स्वातंत्र्य जाहीर केलं. डिसेंबरात पॅरिसच्या तहाने स्पेनने ते बेटच्या बेट दोन कोटी डॉलरना अमेरिकेच्या हवाली केले, आणि १८९९ पासून अमेरिकेशीच त्यांचं युद्ध जुंपलं. इतकंच काय, कावितेला बुडालेल्या जहाजांपैकी काही लहान जहाजं अमेरिकनांनी वर काढली, दुरुस्त केली आणि आपल्या नौदलात घेतली. पाणी उथळ होतं ना! पहारेकरी तेच, मालक बदलला. 'कास्तिया' मात्र दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली, ती सुटली म्हणायची.

ड्यूईला मायदेशी 'अ‍ॅडमिरल ऑफ द नेव्ही' हे खास त्याच्यासाठी निर्माण केलेलं पद मिळालं, जे पुन्हा कुणालाही दिलं गेलं नाही. मोंतोहो १९१७ मध्ये माद्रिदला वारला. ड्यूईही त्याच वर्षी गेला.

जावयाला मी म्हटलं, "त्या पावलांच्या शेजारी एक पाटी हवी होती, समोर कोण होतं त्याची." तो म्हणाला, "आई, खाली संग्रहालयात असेल, आपणच घाईत होतो." असेलही. नात आमच्याबरोबर आइस्क्रीमसाठी घाई करत होती आणि माझे गुडघे त्या जिन्यांनी बोलू लागले होते.

नौदलातला आमचा भाचा हे वाचेल तेव्हा तोफा, डेक, पंखे यांच्या वर्णनातल्या चुका काढीलच. काढाव्यात, मला राग येणार नाही, फोन करावा. मोंतोहोबद्दल वाद घालायचा असेल तर मात्र वेळ काढून घरीच ये बाबा. गुळाच्या पोळ्या करून ठेवीन, पण मत बदलणार नाही.